ऱ्हुमॅटिक समजली गेलेली झडप: ल्यूपस आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असलेल्या एका तरुण स्त्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण पश्चिम महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्यात राहणारी विवाहित स्त्री असून खरे निदान झाले तेव्हा तिचे वय २९ वर्षे होते. येथे त्यांना सुनंदा म्हटले आहे आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत. घरी थोडी कोरडवाहू जमीन, तीन म्हशी, नवरा आणि सासू-सासरे असा संसार होता.

वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताच्या बोटांचे सांधे आणि मनगटे दुखू लागली. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली असत आणि पीठ मळताना मूठ वळत नसे. गावातील डॉक्टरांनी केलेल्या रक्ततपासणीत एएसओ टायटर (स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग होऊन गेल्याची खूण) ४०० आले आणि त्यावरून संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप, असे निदान झाले. दोन वर्षांनी चालताना दम लागू लागल्याने तालुक्याच्या ठिकाणी टू-डी इको करण्यात आला. मायट्रल झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची) पाने जाड झाली आहेत आणि झडपेतून सौम्य ते मध्यम गळती आहे, असे त्या अहवालात नोंदवलेले होते. शेवटच्या ओळीत ‘ऱ्हुमॅटिक हृदयरोग’ असा निष्कर्ष होता. तेव्हापासून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिटांचे इंजेक्शन सुरू झाले. ग्रामीण रुग्णालयातील सिस्टर त्यांना ‘पेनिड्युरवाल्या ताई’ (पेनिड्युर हे या इंजेक्शनचे व्यापारी नाव) म्हणूनच ओळखत. इंजेक्शन घेतल्यावर दोन दिवस त्यांना पाट्यावर नीट बसता येत नसे, तरीही त्यांनी ते फारसे चुकवले नाही.

हे निदान पुढे चुकीचे ठरले, परंतु ते अवाजवी नव्हते. आपल्याकडे तरुण वयात मायट्रल झडप बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण आजही ऱ्हुमॅटिक तापच आहे. घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या ऊतींवर उलटते, म्हणजे तोही एका अर्थाने स्वयंप्रतिकार आजारच. येथे एका स्वयंप्रतिकार आजाराच्या नावाखाली दुसरा आजार, म्हणजे अनेक अवयवांवर उलटणारा ल्यूपस आणि त्यासोबतचा रक्तात गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, सात वर्षे लपून राहिला, आणि दोघांवरचे उपचार मात्र पूर्णपणे वेगळे होते.

फाइलमधील जुने कागद

सुनंदा यांच्या पतीने प्लास्टिकच्या एका पिशवीत सगळे कागद तारीखवार ठेवले होते. पुढे जे निदान झाले त्याचे जवळजवळ सर्व पुरावे त्या पिशवीत होते. ते वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी आणि एकमेकांना न भेटता गोळा केले होते.

पहिल्या गरोदरपणात नेहमीप्रमाणे व्हीडीआरएल चाचणी झाली आणि ती १:४ इतक्या पातळीवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली. ही उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, प्राथमिक चाचणी आहे. पतीची तपासणी झाली, ती निगेटिव्ह निघाली, आणि घरात व्हायचे ते सगळे बोलणे झाले. पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यात आले आणि विषय तेथेच संपला. वास्तविक या चाचणीत कार्डिओलिपिन नावाचा फॉस्फोलिपिड हाच प्रतिजन म्हणून वापरला जातो. त्यामुळे ज्यांच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतात त्यांच्यात सिफिलिस नसतानाही ती रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. अशा वेळी टीपीएचए ही खात्रीची चाचणी करायची असते, आणि ती त्या वेळी झाली नाही. ते गरोदरपण १४व्या आठवड्यात संपले. दुसरे २०व्या आठवड्यात संपले. त्या वेळच्या रक्ततपासणीत प्लेटलेट ९२,००० होत्या, आणि गर्भपिशवी साफ करण्यापूर्वी केलेल्या एपीटीटी या गोठणचाचणीत रक्त गोठायला ५८ सेकंद लागले होते, जेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्याला २९ सेकंद लागले होते. कागदावर या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला आहे. त्यापुढे काय केले याची नोंद नाही.

सांधे, झडप, गर्भपात, प्लेटलेट आणि गोठणचाचणी या पाच गोष्टी एका ओळीत मांडल्या असत्या तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार कुणाच्याही मनात आला असता. तसे न होण्याचे एक कारण बहुधा हे असावे की झडपेला आधीच नाव मिळालेले होते, आणि एकदा नाव मिळालेल्या अवयवाकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

समस्या

एकोणतिसाव्या वर्षी सुनंदा यांना तीन आठवडे बारीक ताप येत होता, भूक मेली होती आणि गोठ्यापर्यंत चालतानाही धाप लागत होती. गावातील डॉक्टरांनी पाच दिवस प्रतिजैविके दिली. त्यानंतर एका सकाळी भाकरी थापताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलायला गेल्यावर शब्द फुटेना. शहरातील रुग्णालयात पोहोचेपर्यंत नऊ तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी असलेली साडेचार तासांची मुदत त्यामुळे टळून गेली होती.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला एक मध्यम आकाराचा आणि दोन्ही बाजूंना काही बारीक असे रक्तपुरवठा तुटल्याचे भाग दिसले. अनेक ठिकाणी, दोन्ही बाजूंना आणि एकाच वेळी असे घडले की गुठळ्या हृदयातून सुटत आहेत असा संशय घ्यावा लागतो. छातीवरून केलेल्या इकोमध्ये मायट्रल झडपेवर काही तरी चिकटल्यासारखे दिसत होते. अन्ननलिकेतून केलेल्या इकोने चित्र स्पष्ट केले: झडपेच्या दोन्ही पानांवर, ती जेथे एकमेकांना मिटतात त्या कडेजवळ, रुंद बुडाच्या गाठी होत्या. त्यातील मोठी ९ मिलिमीटरची होती. गळती आता मध्यमहून अधिक झाली होती. मात्र पानाला भोक नव्हते, गळू नव्हते आणि झडपेची मोडतोड झालेली नव्हती.

ताप, आधीपासून बिघडलेली झडप, तिच्यावर गाठी आणि मेंदूत सुटलेल्या गुठळ्या हे सर्व एकत्र आले की कोणताही डॉक्टर प्रथम जंतुसंसर्गाचा विचार करतो, आणि तसाच करायला हवा. झडपेला झालेला जंतुसंसर्ग वेळेत न ओळखल्यास जीव जातो. येथील पथकाने तीन वेगवेगळ्या जागांहून रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू उगवून पाहण्याची तपासणी) घेतले आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व व्हँकोमायसिन सुरू केले.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत मात्र आकडे जुळेनात. पांढऱ्या पेशी ३,४०० होत्या. संसर्गात त्या वाढलेल्या असायला हव्या होत्या. हिमोग्लोबिन ८.६ आणि प्लेटलेट ८४,००० होत्या. शरीरातील सूज दाखवणाऱ्या दोन चाचण्यांपैकी ईएसआर ९६ असताना सीआरपी मात्र जेमतेम १४ होता. ईएसआर आणि सीआरपीमधील अशी तफावत ल्यूपसमध्ये वारंवार दिसते. झडपेच्या संसर्गात सीआरपी सहसा बराच वर जातो. निवासी डॉक्टरांनी पतीकडून ती पिशवी मागून घेतली आणि सर्व कागद खाटेवर मांडले, आणि त्यानंतर मागवलेल्या तपासण्यांची दिशा बदलली.

अहवाल पुढील दोन-तीन दिवसांत आले. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) ठळकपणे पॉझिटिव्ह होते, डीएनएविरोधी प्रतिपिंडे भरपूर होती, सी३ आणि सी४ ही पूरक प्रथिने घटलेली होती, आणि तांबड्या पेशींवर प्रतिपिंडे चिकटल्याचे कूम्ब्स चाचणीने दाखवले. एपीटीटी ६१ सेकंद होता आणि निरोगी व्यक्तीचा प्लाझ्मा मिसळूनही तो सुधारला नाही. याचा अर्थ गोठण्यासाठी लागणारा घटक कमी नसून काही तरी त्याला अडवत आहे. नळीत रक्त उशिरा गोठते आणि शरीरात मात्र नको तेथे गोठते, असा हा प्रकार आहे. फॉस्फोलिपिडविरोधी तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह होत्या. व्हीडीआरएल पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही ती बहुधा आयुष्यभर तशीच राहते. म्हणजे या बाईंना सिफिलिस कधी झालाच नव्हता. हे पतीला आणि सासूबाईंना बोलावून स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले.

ल्यूपसमध्ये झडपेवर येणाऱ्या अशा जंतुरहित गाठींचे वर्णन न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स यांनी १९२४ साली केले होते, आणि आजही त्यांना लिबमन-सॅक्स एंडोकार्डायटिस म्हणतात. प्रतिपिंडे, फायब्रिन आणि प्लेटलेट यांचा थर झडपेच्या पानांवर साचतो, पाने सुजतात, आणि पुढे आखडतात. बहुतेक वेळा मायट्रल आणि त्याखालोखाल एऑर्टिक झडप यात सापडते. अरुंद होण्यापेक्षा गळती होणे हे याचे नेहमीचे रूप असते. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांत हे अधिक प्रमाणात आढळते आणि छातीवरून केलेल्या इकोत बऱ्याचदा निसटते.

पर्यायांचा विचार

पुरावा एवढा असूनही निर्णय सोपा नव्हता, आणि या प्रकरणातील सर्वांत कठीण दिवस हेच होते. झडपेच्या दीर्घ संसर्गातही एएनए कमी पातळीवर पॉझिटिव्ह येते, पूरक प्रथिने घटतात, मूत्रात प्रथिने जातात आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडेसुद्धा तात्पुरती दिसतात. शिवाय कल्चर घेण्यापूर्वी पाच दिवस प्रतिजैविके पोटात गेलेली होती. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आले तरी ते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र ठरणार नव्हते. आणि ल्यूपस असलेल्या झडपेवर जंतुसंसर्गही होऊ शकतो: एक आजार सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप बाद होत नाही.

संसर्ग गृहीत धरून केवळ प्रतिजैविके द्यावीत, तर झडपेवरची गुठळी तशीच राहून दुसरा झटका येण्याची भीती होती. ल्यूपस गृहीत धरून लगेच स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारी औषधे द्यावीत, तर संसर्ग असल्यास तो भडकेल आणि संसर्गजन्य गुठळीमुळे कमकुवत झालेल्या मेंदूतील रक्तवाहिनीतून रक्तस्राव होईल. झडप तातडीने बदलण्याचाही विचार झाला. परंतु हृदय निकामी होत नव्हते, गळू नव्हते, आणि भरात असलेल्या ल्यूपसमध्ये, ताज्या पक्षाघातानंतर, ८४,००० प्लेटलेटवर उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया करणे म्हणजे आगीत हात घालणे होते. हृदयरोगतज्ज्ञ संसर्गाच्या बाजूने सावध होते, संधिवाततज्ज्ञ स्टेरॉइडसाठी आग्रही होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

केलेली कृती

शेवटी औषधे एकामागून एक, टप्प्याने सुरू करण्याचे ठरले. प्रतिजैविके चालू ठेवली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसचे नेहमीचे औषध लगेच सुरू केले, कारण त्याने संसर्ग वाढत नाही. घरी म्हशी असल्याने ब्रुसेला आणि क्यू-ताप यांच्या रक्तचाचण्या पाठवल्या. हे जंतू साध्या कल्चरमध्ये सहजासहजी उगवत नाहीत आणि जनावरांच्या सहवासातील माणसांत ते विचारात घ्यावेच लागतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण करून फुगा नसल्याची खात्री केली.

चौथ्या दिवशी, कल्चरमध्ये ७२ तासांत काहीही उगवले नाही आणि हिमोग्लोबिन आणखी घसरू लागले तेव्हा, स्टेरॉइड सुरू करण्यात आले. या तीन दिवसांच्या थांबण्यावर नंतरच्या चर्चेत टीका झाली. माझ्या मते ते योग्य होते. तेवढ्या काळात तांबड्या पेशींचे काही नुकसान झाले, पण त्या बदल्यात निर्णय अंदाजावर न राहता पुराव्यावर आला. स्टेरॉइडने झडप वाचते असा ठोस पुरावा नाही. ते येथे दिले गेले ते पेशींचा नाश आणि ल्यूपसचा एकूण भडका थांबवण्यासाठी.

पाचव्या दिवशी पुन्हा सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही हे पाहून, रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनची इंजेक्शने वजनानुसार सुरू झाली. साधे हेपॅरिन जाणीवपूर्वक टाळले, कारण त्याची मात्रा एपीटीटीवर ठरवतात आणि या रुग्णात तो मुळातच वाढलेला होता. ब्रुसेला आणि क्यू-तापाचे अहवाल निगेटिव्ह आले, कल्चरही निगेटिव्ह राहिले, आणि दहाव्या दिवशीच्या इकोत झडपेची मोडतोड झालेली दिसली नाही. तरीही प्रतिजैविके पूर्ण चार आठवडे दिली गेली. शुद्ध तर्काच्या कसोटीवर हा निर्णय कदाचित टिकणार नाही, परंतु आधीच प्रतिजैविके घेतलेल्या आणि आता स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाबाबत कुणालाही ती लवकर बंद करण्याची जबाबदारी घ्यायची नव्हती, आणि ते समजण्यासारखे आहे.

पुढच्या औषधांतही एक मतभेद झाला. सुनंदा यांच्या गावापासून खात्रीची प्रयोगशाळा दोन तासांवर होती. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी घेताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे दाखवणारी चाचणी, करावी लागते; त्यासाठी दर पंधरवड्याला जाणे म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे ज्यांना अशा तपासणीची गरज नसते त्या नव्या पिढीतील गोळ्या द्याव्यात, अशी सूचना आली. ती मान्य झाली नाही. तिन्ही प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्सबॅन ही अशी नवी गोळी आणि वॉर्फरिन यांची तुलना करणारी इटलीतील ‘ट्रॅप्स’ ही चाचणी रिव्हरॉक्सबॅन घेणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रकार अधिक होऊ लागल्याने मुदतीआधी थांबवावी लागली होती. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोय मोठी असली तरी पक्षाघात झालेल्या या रुग्णाला त्या गोळ्या देता येत नव्हत्या. वॉर्फरिन सुरू झाले, आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवण्याचे ठरले, आणि प्लेटलेट लाखाच्या वर गेल्यावर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन जोडली. स्टेरॉइड कमी करता यावे म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन निवडले. मायकोफिनोलेट टाळण्याचे कारण हे की जोडप्याला अजून मूल हवे होते आणि ते औषध गर्भाला अपायकारक असते.

पेनिड्युर बंद करायचे का, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नव्हता. जुन्या आणि नव्या इकोच्या चित्रफिती दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या. ऱ्हुमॅटिक आजारात झडपेच्या दोन पानांचे सांधे चिकटतात, पुढचे पान वाकलेल्या काठीसारखे दिसते, खालच्या दोऱ्या आखूड होतात. येथे यापैकी काहीही पहिल्या इकोपासूनच नव्हते. एएसओ वाढलेला असणे म्हणजे केव्हा तरी स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती, एवढेच. आणि ऱ्हुमॅटिक ताप गुडघे, घोटे अशा मोठ्या सांध्यांत फिरता असतो. वर्षानुवर्षे बोटे आखडत राहणे हे त्याचे लक्षण नव्हे. इंजेक्शन बंद झाले. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. “डॉक्टर, पाच वर्षं सुई घेतली म्हणून एवढ्यावर तरी निभावलं, आता बंद केली आणि परत झालं तर?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांना नव्या गोळ्यांचे काम समजावून सांगितले, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

झडप निवळली, गळती वाढली

चार महिन्यांनंतरच्या इकोत गाठी नाहीशा झाल्या होत्या. १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा केलेल्या तिन्ही प्रतिपिंड-चाचण्या पॉझिटिव्हच राहिल्या, त्यामुळे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे निदान पक्के झाले आणि संसर्गामुळे आलेली तात्पुरती प्रतिपिंडे ही शंका मिटली. बोलणे जवळजवळ पूर्ववत झाले. उजव्या हाताच्या बोटांचे बारीक काम, म्हणजे सुईत दोरा ओवणे किंवा बटण लावणे, मात्र कायमचे अवघड झाले.

या आजाराचा एक विचित्र भाग असा की सूज उतरताना मागे व्रण राहतो, आणि तो व्रण आकसून पाने आखूड करतो. ल्यूपस शांत होता, तरीही गळती हळूहळू वाढत गेली.

मधल्या काळात एक प्रसंग थोडक्यात निभावला. जवळच्या शिबिरात बोटातून थेंब घेऊन तपासणाऱ्या यंत्रावर आयएनआर ४.६ आला, आणि तेथेच गोळी निम्मी करण्यास सांगण्यात आले. सुनंदा यांनी फोन करून विचारले म्हणून त्याच दिवशी शिरेतून घेतलेले रक्त प्रयोगशाळेत पाठवता आले. तो आकडा २.८ होता. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे काही हातयंत्रांच्या वाचनात ढवळाढवळ करतात आणि आयएनआर खोटा वाढवून दाखवतात. गोळी खरोखर निम्मी झाली असती तर दुसरा पक्षाघात दूर नव्हता. त्यानंतर त्यांच्या औषधाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘आयएनआर फक्त शिरेतील रक्तावर’ असे मोठ्या अक्षरांत लिहून देण्यात आले. पालेभाज्यांबाबतही असाच गोंधळ होता: कुणी तरी मेथी, शेपू, अंबाडी सगळे बंद करायला सांगितले होते. बंद करण्याची गरज नसते. आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात, आणि श्रावणातील उपवासांच्या काळात आयएनआर एकदा जास्तीचा तपासावा, एवढे पुरते.

शस्त्रक्रियेचा निर्णय

निदानानंतर दोन वर्षांनी बांधावर चढताना पुन्हा धाप लागू लागली. गळती आता तीव्र होती, डाव्या कप्प्याची पंपशक्ती ५८ टक्के आणि आकुंचनानंतरचा व्यास ४२ मिलिमीटर होता. पंपशक्ती ६० टक्के किंवा त्याखाली जाणे, अथवा हा व्यास ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक होणे, या दोन्ही खुणा झडपेवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्याचे सांगतात. रुग्णाला तर त्रासही होत होता. ल्यूपस अनेक महिने शांत होता आणि स्टेरॉइडची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅमवर आलेली होती, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

जोडप्याचा प्रश्न वेगळा होता: आधी मूल, मग शस्त्रक्रिया, असे करता येईल का? गळकी झडप गरोदरपणात अरुंद झडपेपेक्षा बरी सोसली जाते हे खरे आहे. परंतु थकू लागलेले हृदय, पक्षाघाताचा इतिहास आणि तिन्ही प्रतिपिंडे अशा स्थितीत तो सल्ला देणे शक्य नव्हते. मग झडप दुरुस्त करणे हा सर्वांत हवासा पर्याय ठरत होता, कारण धातूची झडप बसली की गरोदरपण फार धोक्याचे होते: वॉर्फरिन गर्भाला, विशेषतः ६ ते १२ आठवड्यांत, अपाय करते आणि ते बंद केल्यास झडपेवर गुठळी होते. जैविक झडप तरुण वयात लवकर झिजते, दुसरी शस्त्रक्रिया अटळ असते, आणि वॉर्फरिन तर सिंड्रोममुळे तसेही आयुष्यभर घ्यायचेच होते; त्यामुळे तिचा मुख्य फायदाच येथे उरत नव्हता. शल्यचिकित्सकांनी आधीच स्पष्ट केले की दोन्ही पाने मऊ असतील तरच दुरुस्ती होईल. मागचे पान आकसलेले असल्यास ओढूनताणून दुरुस्ती करून हृदय-फुप्फुस यंत्रावरचा वेळ वाढवण्यात अर्थ नाही, आणि मग धातूची झडप बसवली जाईल. दोघांनी हे ऐकून, दोन दिवस घेऊन, संमती दिली.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. वॉर्फरिन थांबवण्याच्या काळात एनॉक्सापॅरिन देऊन उघडा काळ शक्य तितका कमी ठेवण्यात आला, कारण या सिंड्रोममध्ये शस्त्रक्रिया आणि रक्त पातळ करणारे औषध थांबणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनेक अवयवांत गुठळ्या होण्याला निमित्त ठरू शकतात. यंत्रावर असताना रक्त पुरेसे पातळ आहे का हे पाहण्याची नेहमीची एसीटी चाचणीही या प्रतिपिंडांमुळे फसवी ठरते. म्हणून भूलतज्ज्ञांनी हेपॅरिनची पातळी स्वतंत्रपणे मोजण्याची व्यवस्था आदल्या आठवड्यातच करून ठेवली होती.

निष्पत्ती

मागचे पान आकसून कडक झाले होते. दुरुस्तीचा प्रयत्न न करता दोन पानांची धातूची झडप बसवण्यात आली. काढलेल्या झडपेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत व्रण, जुने फायब्रिन आणि नव्याने वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. जंतू नव्हते, आणि ऱ्हुमॅटिक आजाराच्या खुणा समजल्या जाणाऱ्या आशॉफ गाठीही नव्हत्या.

सुनंदा अकराव्या दिवशी घरी गेल्या. आयएनआरचे लक्ष्य नव्या झडपेमुळे थोडे वर, २.५ ते ३.५, नेले आहे. दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घेण्याची सूचना आता त्यांना आयुष्यभर लागू आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची तपासणी नियमित होते. गर्भनिरोधासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या गुठळ्यांच्या भीतीने वर्ज्य होत्या, आणि तांबीमुळे पाळीचा रक्तस्राव वॉर्फरिनवर आणखी वाढला असता, म्हणून गर्भाशयात बसवायचे प्रोजेस्टिनचे साधन निवडले. पुढे जोडप्याने दत्तक प्रक्रियेसाठी नाव नोंदवले.

वेगळे काय करता आले असते

रिअ‍ॅक्टिव्ह व्हीडीआरएलनंतर टीपीएचए करणे हा पहिला चुकलेला टप्पा. त्यातून फक्त सिफिलिस बाद झाला नसता, तर ‘मग ही चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह का?’ हा प्रश्न उभा राहिला असता. एका घराला उगाच सोसावा लागलेला संशयही टळला असता.

इकोच्या अहवालात झडपेचे वर्णन आणि कारण हे दोन वेगळे विषय आहेत. जाड पाने आणि गळती हे वर्णन झाले. ऱ्हुमॅटिक हे कारण आहे, आणि ते लिहिण्यासाठी चिकटलेले सांधे, वाकलेले पान, आखूड दोऱ्या असा आधार हवा. तो नसेल तर ‘कारण अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या संधिवातात महाधमनीचे मूळ फुगून एऑर्टिक झडप गळते, टाकायासू या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजारातही तसेच होते, बेहचेट या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारात बसवलेली नवी झडप शिवणीतून सुटू शकते; यातील प्रत्येकाला ऱ्हुमॅटिक म्हटले की पुढचा शोध थांबतो. आणि उलट बाजूने, ल्यूपस किंवा फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे सापडलेल्या प्रत्येकाचा निदानाच्या वेळी एक इको व्हायला हवा, त्रास असो वा नसो.

ताप असलेल्या, झडप बिघडलेल्या रुग्णाला गावपातळीवर प्रतिजैविक देण्यापूर्वी कल्चर घेणे ही अपेक्षा पुस्तकात सोपी आणि तालुक्यात अवघड आहे. निदान ‘झडपेचा आजार आहे, तीन आठवडे ताप आहे’ एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिजैविक न देता वर पाठवावे, एवढे तरी पाळता येण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र दुसऱ्या गर्भपाताच्या वेळी पडला असता. तेव्हा एपीटीटीचा तो गोल केलेला आकडा पुढे तपासला गेला असता तर गळती अजून सौम्य होती, पक्षाघात झालेला नव्हता, आणि कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिनची इंजेक्शने देऊन गरोदरपण पार पाडण्याचा रूढ मार्ग त्यांच्यासाठी मोकळा होता. निदान झाले त्या दिवशी तो मार्ग बराचसा बंद झालेला होता, आणि धातूची झडप बसल्यावर तो पूर्ण बंद झाला.